थाट स्वामींचा की गादीचा?

एखाद्या संन्याशाच्या महागड्या गाडीवरून ओरड झाली की उत्तर ठरलेलं असतं: ‘स्वामींचं स्वतःचं काहीच नाही, सगळं संस्थेचं आहे.’ ऐकायला ही पळवाट वाटते. पण ती न्यायालयांत तावूनसुलाखून निघालेली आहे.

छत्र, चवऱ्या, अब्दागिरी, पालखी हा सरंजाम मठांकडे राजाश्रयातून आला. पेशवाईत इनाम गावं आणि वर्षासनं, म्हणजे दरसालची नेमणूक, मिळत होतीच. साताऱ्याजवळच्या धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी तर खुद्द पेशव्यांचे सावकार होते. त्यांच्या हत्तीवरून कोकणात जंजिऱ्याच्या सिद्दीच्या ठाणेदाराशी तंटा पेटला आणि 1727 मध्ये परशुरामाचं देऊळ लुटलं गेलं. दक्षिणेत मानाची होती ‘आडवी पालखी’. दांडा रस्त्याला आडवा धरून ती चालली की बाकीची वाहतूक खोळंबायची. हा मान कोणाचा, यावर दोन पंथांचे स्वामी 1843 मध्ये थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत, भांडले. वैराग्याचा विषय त्यात कुठे होता, हे विचारू नये.

खरा गुंता पुढचा. मठाधिपती म्हणजे मालक, की विश्वस्त? मालक म्हणावं तर संन्यास घेताच त्याचा मालमत्तेशी संबंध तुटलेला. विश्वस्त म्हणावं, तर मठाच्या पैशावर तो जगतो कसा? 1921 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं, की इंग्रजी कायद्यातल्या अर्थाने तो विश्वस्त नव्हे. मग 1951 मध्ये मद्रास सरकारने कायदा करून मठांच्या खर्चावर आणि स्वामींना वैयक्तिक मिळणाऱ्या भेटींवरही लगाम घातला. त्याविरुद्ध उडुपीतला एक मठ न्यायालयात गेला. हा मठ चैनीत लोळत नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. पर्यायाच्या, म्हणजे उडुपीच्या कृष्णमंदिरातल्या पूजेची पाळी आलेल्या, काळातल्या अन्नदानाने तो कर्जात बुडाला होता.

1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की मठाधिपतीपद हे नुसतं कर्तव्य नाही. त्यात पद आणि मालमत्ता दोन्ही मिसळलेले आहेत. पदाबरोबर स्वामींचा स्वतःचा ‘हितसंबंध’ येतो आणि तो घटनेच्या 19(1)(च) या मालमत्तेच्या हक्काच्या कलमाखाली सुरक्षित आहे. चरणी वाहिलेल्या भेटींवर घातलेलं बंधनही रद्द झालं. माझ्या मते आजचा सगळा गोंधळ या ‘हितसंबंध’ शब्दात आहे. त्याला मालकी म्हणता येत नाही, पण उपभोगाला वाव राहतो. मठाच्या कर्जाच्या प्रकरणात घडलेला हा शब्द पुढे थाटाच्या समर्थनालाही चालला. 44 व्या घटनादुरुस्तीने ते कलमच 1979 मध्ये गेलं, तरी शब्द टिकला.

महाराष्ट्रात मठ 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली येतात. पण गेल्या तीन-चार दशकांतले बरेचसे गुरू मठपरंपरेतले नाहीतच. त्यांना ना गादी, ना सनद. आधी शिष्य, मग दूरचित्रवाणी, आणि त्यातून उभा राहिलेला ट्रस्ट. गाडी, बंगला, परदेशवारी ट्रस्टच्या नावावर आणि वापर गुरूंचा. ट्रस्टचं उत्पन्न किंवा मालमत्ता संस्थापकाच्या वैयक्तिक फायद्यासाठी वापरली तर 1961 च्या आयकर कायद्यातल्या 13 व्या कलमाने (2026 पासून त्या जागी आलेल्या नव्या कायद्याने) तेवढ्यावरची करमाफी जाते, म्हणून प्रत्येक खोली ‘साधना कक्ष’ आणि प्रत्येक विमानप्रवास ‘धर्मप्रचार’ ठरतो. 2006 मध्ये निनावी देणग्यांवर 30 टक्के कर आला. निव्वळ धार्मिक संस्था मात्र त्यातून वगळल्या गेल्या, त्यामुळे दानपेटीत पाकीट कोणी टाकलं हे विचारण्याची गरज त्यांना उरली नाही.