मतदारांचे निष्ठांतर (विशेष संदर्भ : ग्वाल्हेर)

मतदारांचे निष्ठांतर : एका निवडणुकीत ज्या पक्षाला मत दिले तो सोडून पुढच्या निवडणुकीत मतदाराने दुसऱ्या पक्षाकडे वळणे. एखाद्या वेळी रागापोटी दिलेले मत किंवा घरी बसून राहणे यांना निष्ठांतर म्हणावे की नाही, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. बहुतेकांचा कल किमान दोन निवडणुका टिकलेला बदलच खरा मानण्याकडे आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत मतदार आपली पक्षनोंदणी करतात. भारतात तशी सोय नसल्याने निष्ठा मुलाखतींवरून किंवा निकालाच्या आकड्यांवरून ताडावी लागते. निवडून आलेल्या प्रतिनिधीच्या पक्षांतराला १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने (दहावे परिशिष्ट) आळा घातला. तो स्वतंत्र विषय असून येथे तो मतदाराशी संबंध येईल तेवढाच घेतला आहे.

निष्ठांतराची कारणे म्हणून महागाई, उमेदवाराची जात, स्थानिक कामे, नेत्याचे आकर्षण, सहानुभूतीची लाट इत्यादी गोष्टी सांगितल्या जातात. त्या परिचित आहेत. वाद आहे तो मत बदलणारा मतदार कोणत्या प्रकारचा असतो याविषयी. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० मध्ये ओहायो राज्यातील एका जिल्ह्यात ६०० मतदारांच्या मे ते नोव्हेंबर या काळात सात वेळा मुलाखती घेतल्या. प्रचारामुळे पक्ष बदलणारे थोडे, आणि तेही राजकारणात फारसा रस नसलेले, असे त्यांना आढळले. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ व्ही. ओ. की यांनी पुढे याच्या उलट मांडणी केली : मत बदलणारा मतदार इतरांपेक्षा अजाण नसतो, सरकारच्या कामगिरीचा हिशेब करूनच तो बाजू बदलतो. भारतीय निवडणुकांना दुसरे मत अधिक लागू पडते असे दिसते. मात्र त्यात पक्ष हे स्थिर एकक गृहीत धरलेले आहे, आणि ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी अडचण येते ती तिथेच.

मोजमाप : डेन्मार्कचे राज्यशास्त्रज्ञ मोगेन्स पेडरसन यांनी १९७९ मध्ये सुचवलेला निर्देशांक सर्वाधिक वापरला जातो. लागोपाठच्या दोन निवडणुकांत प्रत्येक पक्षाच्या मतांच्या टक्केवारीत पडलेला फरक घ्यायचा, वाढ-घट न पाहता सर्व फरकांची बेरीज करायची आणि तिला दोनाने भागायचे. त्याची मर्यादा उघड आहे. दोन पक्षांना प्रत्येकी ५० मते असताना २० जण इकडून तिकडे व २० जण तिकडून इकडे गेले, तर ४० मतदारांनी बाजू बदलूनही निर्देशांक शून्यच येतो. त्यामुळे निव्वळ बदल आणि एकूण बदल असे दोन आकडे वेगळे ठेवावे लागतात. पैकी दुसरा मिळवायचा तर त्याच मतदाराला पुन्हा गाठून विचारावे लागते. निवडणुकीनंतर विचारले, तर पूर्वीही आपण आजच्याच पक्षाला मत दिले होते असे सांगण्याकडे माणसाचा कल असतो, म्हणून मुलाखतींतून निष्ठांतर नेहमी कमी भरते. मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या पत्रिका मोजणीआधी एकत्र मिसळल्या जात. मतदानयंत्रे सर्वत्र आल्यापासून (२००४) केंद्रवार आकडे मिळतात, परंतु मोहल्ल्याच्या आकड्यावरून त्यातल्या एखाद्या घराचे मत ठरवणे हा तर्कदोषच ठरतो. मतदारसंघांच्या फेररचनेमुळे (अलीकडची २००८ मध्ये अमलात आली) जुन्या-नव्या आकड्यांची तुलनाही बेताचीच धरावी लागते.

याहून अवघड प्रश्न पक्षाच्या वारसाचा. ग्वाल्हेर शहराच्या लष्कर नावाच्या भागातील एखाद्या मतदाराने १९७१ मध्ये जनसंघाच्या दिव्याला, १९७७ मध्ये जनता पक्षाच्या नांगरधारी शेतकऱ्याला आणि १९८४ मध्ये भारतीय जनता पक्षाच्या कमळाला मत दिले असेल, तर कागदावर त्याने दोनदा पक्ष बदलला. प्रत्यक्षात तो जागचा हललेला नाही, कारण जनसंघ जनता पक्षात विलीन झाला आणि भाजप त्यातूनच निघाला. काँग्रेसचा मतदारही बैलजोडी, गाय-वासरू आणि पंजा अशा तीन चिन्हांमधून गेला आहे. वारस पक्ष एकच धरले तर ग्वाल्हेरचा निर्देशांक बराच खाली येतो. हीच पद्धत अधिक ग्राह्य वाटते.

ग्वाल्हेरमधील निष्ठांचा उगम : याविषयी दोन मते आहेत. पहिल्यानुसार येथील मत मूलतः महालाचे, म्हणजे शिंदे घराण्याचे असून घराणे ज्या पक्षात जाईल त्या पक्षाकडे ते जाते. दुसऱ्यानुसार हिंदुत्वाचा मतदार येथे आधीपासूनच होता आणि महालाला त्याच्याशी जुळवून घ्यावे लागले. दुसऱ्या मताला आधार १९५२ चा. त्या वर्षी हिंदु महासभेचे वि. घ. देशपांडे ग्वाल्हेर व गुणा या दोन्ही लोकसभा मतदारसंघांतून निवडून आले. त्यांनी ग्वाल्हेरची जागा सोडल्यावर पोटनिवडणुकीत त्याच पक्षाचे ना. भा. खरे विजयी झाले. ना. भा. खरे हे पूर्वी काँग्रेसचे, मध्य प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) होते, हे जाता जाता नोंदवण्याजोगे. पहिल्या मताचा आधार १९५७ चा आहे. विजयाराजे शिंदे काँग्रेसतर्फे उभ्या राहताच गुण्यात देशपांडे पराभूत झाले, आणि १९६२ मध्ये त्या ग्वाल्हेरमधूनही काँग्रेसच्याच उमेदवार म्हणून विजयी झाल्या.

१९६७ च्या निवडणुकीआधी विजयाराजेंनी काँग्रेस सोडली. मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांच्याशी उमेदवारीवरून आलेले वितुष्ट आणि १९६६ मध्ये ग्वाल्हेरच्या विद्यार्थी आंदोलनावरील गोळीबार ही त्याची कारणे सामान्यतः दिली जातात. १९६७ मध्ये ग्वाल्हेरची जागा जनसंघाकडे गेली. १९७१ च्या इंदिरा लाटेतही अटलबिहारी वाजपेयी येथून निवडून आले. १९८० मध्ये राज्यातील ४० पैकी ३५ जागा काँग्रेसला मिळाल्या, तरी ग्वाल्हेरने जनता पक्षाचे नारायण कृष्ण शेजवलकर यांनाच पुन्हा पाठवले. त्याच वेळी विजयाराजेंचे पुत्र माधवराव शिंदे शेजारच्या गुण्यातून काँग्रेसतर्फे विजयी झाले. म्हणजे घराण्यातील एकाच्या पक्षबदलाने शहराचे मत लगेच फिरले नाही.

१९८४ मध्ये माधवरावांनी वाजपेयींचा सुमारे पावणेदोन लाख मतांनी पराभव केला. हे महालाचे यश, असे बहुतेक जुन्या लेखनात आढळते. पण त्या वर्षी राज्यातील चाळीसच्या चाळीस जागा काँग्रेसला मिळाल्या होत्या, तेव्हा या एका निकालावरून काही सिद्ध होत नाही. १९८९ आणि १९९१ अधिक बोलके आहेत. लाट ओसरल्यावरही माधवराव ग्वाल्हेरमध्ये काँग्रेसतर्फे, तर विजयाराजे गुण्यात भाजपतर्फे विजयी झाल्या. एकाच घराण्याला शेजारशेजारच्या मतदारसंघांत परस्परविरोधी पक्षांच्या चिन्हांवर मते पडली. १९९६ मध्ये काँग्रेसची उमेदवारी न मिळाल्याने माधवरावांनी मध्य प्रदेश विकास काँग्रेस स्थापन केली आणि त्या नवख्या पक्षातर्फेही ते निवडून आले. व्यक्तिनिष्ठा पक्षनिष्ठेहून मोठी असल्याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा सापडणे कठीण. मात्र १९९८ मध्ये काँग्रेसमध्ये परतल्यावर त्यांचे मताधिक्य सुमारे २६ हजारांवर आले. १९९९ मध्ये ते गुण्याला गेले आणि ग्वाल्हेर भाजपने जिंकले. ही निष्ठा व्यक्तीबरोबर जाते, पण तिला उतार लागतो, असे यावरून म्हणता येईल. गुण्यात २०१९ मध्ये माधवरावांचे पुत्र ज्योतिरादित्य शिंदे काँग्रेसतर्फे सव्वा लाख मतांनी हरले, तो याच उताराचा पुढचा टप्पा मानला जातो.

अलीकडचा काळ : २०१८ च्या विधानसभा निवडणुकीत ग्वाल्हेर जिल्ह्यातील सहापैकी पाच जागा काँग्रेसला मिळाल्या. ग्वाल्हेर दक्षिणचा निकाल १२१ मतांनी लागला आणि ‘नोटा’ची मते या फरकाहून जास्त होती. सहाच महिन्यांनी लोकसभेला भाजपचे विवेक शेजवलकर सुमारे दीड लाखांनी जिंकले. याला निष्ठांतर म्हणणे घाईचे होईल. राज्यासाठी एक पक्ष व केंद्रासाठी दुसरा, अशी विभागणी मतदार जाणूनबुजून करतो.

मार्च २०२० मध्ये ज्योतिरादित्य भाजपमध्ये गेले, २२ आमदारांनी राजीनामे दिले आणि राज्यातील काँग्रेसचे कमलनाथ सरकार पडले. नोव्हेंबरमध्ये झालेल्या २८ पोटनिवडणुकांपैकी १९ भाजपने जिंकल्या. पक्ष बदललेल्या आमदारामागे त्याचा मतदार जातो का, याची चाचणी एकाच जिल्ह्यात तीन ठिकाणी झाली. ग्वाल्हेर मतदारसंघात प्रद्युम्नसिंह तोमर नव्या पक्षातर्फे पुन्हा निवडून आले. ग्वाल्हेर पूर्व आणि डबरा येथे मात्र पक्ष बदललेले उमेदवार पडले आणि दोन्ही जागा काँग्रेसकडेच राहिल्या. २०२३ मध्येही हे तिन्ही कौल कायम राहिले, म्हणून आरंभी दिलेल्या दोन निवडणुकांच्या निकषावर ते उतरतात. ग्वाल्हेर पूर्वमध्ये विजयी झालेले सतीश सिकरवार स्वतः भाजपमधून काँग्रेसमध्ये आलेले होते. तेथील मतदाराने पक्षनिष्ठा राखली की उमेदवार पाहिला, हे दोन्ही बाजूंनी मांडता येते. २०२२ मध्ये महापौरपदही अनेक दशकांनंतर काँग्रेसकडे गेले.

मराठी मतदार : दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेल्या लष्कर भागात दरबारी चाकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे स्थिरावली. शहराच्या मतदारसंख्येत त्यांचे प्रमाण लहान, परंतु देशपांडे, खरे आणि शेजवलकर पितापुत्र पाहता उमेदवारीत ते मोठे दिसते. मराठी मत म्हणजे महालाचे मत, हे समीकरण सैल हाताने वापरले जाते. शेजवलकरांनी १९७७ व १९८० मध्ये मिळवलेल्या विजयांशी ते जुळत नाही.