हँडगार्डच्या आत सरकलेला सप्रेसर

गेल्या दहा-पंधरा वर्षांत एआर-१५ या अमेरिकी रायफलीच्या घराण्याचे रूप बरेच पालटले. हँडगार्ड, म्हणजे नळीभोवतीची हाताने धरायची पकड, लांबत गेला, नळी आखूड होत गेली, आणि पूर्वी नळीच्या टोकाला उघडा असणारा सप्रेसर (गोळीचा आवाज दाबणारे नळकांडे) आता निम्मा, कधी जवळजवळ सगळाच, हँडगार्डच्या पोटात शिरलेला दिसतो. ही निव्वळ हौस आहे असे म्हणणारे बरेच आहेत. हौस त्यात आहेच. पण या रचनेमागे दोन स्वतंत्र इतिहास आहेत, एक अचूकतेचा आणि एक आवाजाचा. दोन्ही अनेक दशके एकमेकांची दखल न घेता चालले होते.

एआर-१५ चे जनक युजीन स्टोनर यांच्या मूळ रचनेत हँडगार्डच्या दोन फाका असत. मागे त्या रिसीव्हरजवळच्या (यंत्रणा सामावणाऱ्या सांगाड्याजवळच्या) स्प्रिंगच्या कड्यात अडकत, आणि पुढे थेट नळीवर बसवलेल्या टोपीत. त्यामुळे हाताचा किंवा टेकूचा दाब नळीपर्यंत पोहोचे. खांद्याचा पट्टाही पुढे नळीवरच्याच माशीच्या, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या खुणेच्या, बुरुजाला जोडलेला असे. लढाईत याने फारसे बिघडत नव्हते. अमेरिकेतल्या सर्व्हिस रायफल स्पर्धांत मात्र नेमबाज पट्टा दंडाला कसून आवळतात. त्या ताणाने नळी किंचित वाकते आणि गोळी नेमापासून सरकते. त्यावरचा उपाय म्हणजे हँडगार्ड फक्त मागे, नळी रिसीव्हरला आवळणाऱ्या बॅरल नटवर, घट्ट बसवायचा आणि तिथून पुढे नळीला कुठेच शिवू द्यायचे नाही. हीच फ्री फ्लोट रचना. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलींचे कारागीर लाकडातली खोबण रुंद कोरून हेच आधीपासून करत होते. स्पर्धेतली रायफल बाहेरून सैनिकीच दिसली पाहिजे असा दंडक होता, म्हणून एआर-१५ वाले हे धातूचे नळकांडे मूळ प्लास्टिकच्या हँडगार्डखाली लपवत.

सैन्यात ही कल्पना आडवाटेने आली. १९९५ मध्ये पिकाटिनी रेलचे, म्हणजे बंदुकीवर जोडसाधने चढवायच्या खाचांच्या पट्टीचे, मानक ठरले. हँडगार्डवर दिवे, लेझर आणि मुठी चढू लागल्या, आणि लेझर बसवलेला भाग हलता कामा नये हे लक्षात आले. नाइट्स आर्मामेंट कंपनीचा सुरुवातीचा रेल-हँडगार्ड फ्री फ्लोट नव्हता. २००५ मध्ये अमेरिकी विशेष दलांनी डॅनियल डिफेन्सला ज्या रेलचे कंत्राट दिले, तो होता.

माझ्या मते खरी कलाटणी त्याहून साध्या भागाने दिली, आणि तिचा उल्लेख क्वचितच होतो. माशीचा उंच बुरुज हाच मूळ गॅस ब्लॉक, म्हणजे नळीतला वायू यंत्रणेकडे वळवणारा भाग, होता, आणि हँडगार्डची हद्द तिथे संपे. ऑप्टिक साइट (भिंगातून नेम धरायचे साधन) सर्रास झाल्यावर बुरुजाची गरज उरली नाही. त्याच्या जागी बुटका गॅस ब्लॉक आला आणि तो हँडगार्डखाली सहज मावू लागला. वाट मोकळी झाल्यावर सात इंचांचा हँडगार्ड बारा, तेरा, पंधरा इंचांवर गेला. हात लांब ताणून रायफल धरणाऱ्या थ्री-गन (रायफल, पिस्तूल आणि शॉटगन अशा तिन्हींच्या) स्पर्धकांनी या लांबीला आणखी बळ दिले. हे सगळे घडत असताना सप्रेसरसाठी जागा करायची असे कोणाच्या मनात नव्हते.

आवाजाचा इतिहास याहून जुना आहे. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकी अभियंत्याला १९०९ मध्ये सायलेन्सरचे, म्हणजे सप्रेसरचेच, पेटंट मिळाले. मशीनगन बनवणाऱ्या हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम यांचा हा मुलगा. बापाने युद्धभूमीचा गोंगाट वाढवला आणि मुलगा तो कमी करायला निघाला, हा योगायोग गमतीचाच. तत्त्व आजही तेच आहे. गोळीमागून सुटणारा तप्त वायू एकदम मोकळा होऊ द्यायचा नाही; आडव्या चकत्यांच्या कप्प्यांत अडकवून, थंड करून, हळूहळू सोडायचा. स्वनातीत गोळीचा हवेतला कडाका मात्र याने थांबत नाही.

तोंडावर चढवलेल्या सप्रेसरने लांबी पाच-सहा इंचांनी वाढते, आणि वजन नेमके टोकाला जाते. म्हणून नळीभोवतीच सप्रेसर गुंडाळायची कल्पना लवकर पुढे आली. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश डी लायल कार्बाइन हे तिचे देखणे उदाहरण आहे. ली-एनफिल्डची यंत्रणा, .४५ ची मंदगती गोळी आणि आखूड नळीला वेढणारे जाड नळकांडे, अशी तिची बांधणी. १९७० च्या दशकात हेकलर अँड कॉख या जर्मन कंपनीच्या एमपी५एसडी सबमशीनगनने नळीलाच ३० छिद्रे पाडून साधी ९ मिमी गोळी ध्वनीच्या वेगाखाली आणली. सोव्हिएत व्हीएसएस आणि एएस वाल या रायफलीही याच कुळातल्या. या सगळ्यांत सप्रेसर बंदुकीचाच अवयव आहे. तो काढून दुसरीवर चढवता येत नाही.

अमेरिकी विशेष दलांच्या एमके १२ रायफलीने मधला मार्ग घेतला. तिचा सप्रेसर सुटा होता, पण तो मागे सरकून नळीवर चढे आणि तिथल्या एका कॉलरवर टेके. त्यामुळे लांबी फार वाढत नसे. हँडगार्डमध्ये तो शिरत नव्हता, तरी दिशा कळत होती.

दोन्ही इतिहास जुळले ते .३०० ब्लॅकआउट या काडतुसामुळे. २०११ मध्ये त्याला अमेरिकी उद्योगमानकाची मान्यता मिळाली. ५.५६ या एआर-१५ च्या नेहमीच्या काडतुसाची दारू पुरती कामी यायला लांब नळी लागते; .३०० ची दारू साधारण नऊ इंचांतच जळते. इतकी आखूड नळी आणि त्याभोवती लांब हँडगार्ड, म्हणजे पुढचे कित्येक इंच रिकामेच. त्या पोकळीत सप्रेसर सरकवण्यासाठी वेगळा शोध लावावा लागला नाही.

कायद्यानेही या आकाराला हातभार लावला. १९३४ च्या अमेरिकी नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टने सायलेन्सर आणि आखूड नळीची रायफल, दोन्हींवर नोंदणी आणि प्रत्येकी २०० डॉलर कर बसवला. तेव्हा ही रक्कम बहुतेक बंदुकींच्या किमतीपेक्षा मोठी होती. रायफलीच्या नळीची किमान लांबी आधी १८ इंच होती, ती १९६० मध्ये १६ झाली. कायमचा जोडलेला सप्रेसर नळीच्या लांबीत धरला जात असल्याने आखूड नळी आणि जोडलेला सप्रेसर मिळून १६ इंच भरवणाऱ्या रायफली बाजारात आल्या. त्यांना एकच कर पुरे होई. १ जानेवारी २०२६ पासून दोन्ही वस्तूंवरचा कर शून्य झाला आहे. नोंदणी मात्र कायम आहे.

आता उष्णतेकडे, कारण या रचनेचे खरे दुखणे तिथे आहे. सलग गोळीबारात सप्रेसर काहीशे अंशांवर जातो. उघड्यावर त्याला वारा लागतो. हँडगार्डच्या आत ती उष्णता अ‍ॅल्युमिनियममधून हातापर्यंत येते. एक फायदाही आहे. सप्रेसरवरून उठणाऱ्या गरम हवेने दुर्बिणीतले चित्र थरथरते, ते हँडगार्डच्या आडोशाने काहीसे कमी होते. दुसरी पंचाईत जागेची. अनेक सप्रेसर दीड इंच किंवा त्याहून जाड असतात. २०१४ नंतर एम-लॉकमुळे, म्हणजे उंच रेलऐवजी हँडगार्डला पाडलेल्या फटींत साधने बसवायच्या पद्धतीमुळे, हँडगार्ड सडपातळ झाले, हातात छान बसू लागले, आणि नेमकी हीच पोकळी आक्रसली. सप्रेसर आतून कुठे टेकला की हँडगार्डवरचा दाब पुन्हा नळीपर्यंत पोहोचतो आणि फ्री फ्लोटचा हेतूच फसतो. म्हणून रुंद पोटाचे वेगळे हँडगार्ड निघाले आणि उत्पादक आतला व्यास ठळकपणे सांगू लागले.

अमेरिकी विशेष दलांनी या दुखण्यावर सरळ इलाज मागितला. २०१८ मध्ये त्यांनी सिग सॉअरला एम४ए१ या एआर-१५ घराण्यातल्या सैनिकी कार्बाइनसाठी सप्रेसरसकट बांधलेल्या वरच्या भागाचे कंत्राट दिले. आखूड नळी, हँडगार्डखाली लांब सप्रेसर आणि मध्ये उष्णतारोधक कवच, अशी ती रचना. नेमबाजाच्या तोंडाकडे उलटणारा वायू कमी करणे हाही हेतू होता. पण २०२२ मध्ये लष्कराने सिगचीच एम७ रायफल (तेव्हाचे नाव एक्सएम५) निवडली, तेव्हा तिचा सप्रेसर हँडगार्डच्या बाहेरच राहिला, स्वतःचे कवच घालून. ६.८ मिमीच्या त्या जोरकस काडतुसासाठी १३ इंचांची नळी ठेवली, आणि सप्रेसरने वाढणारी लांबी मान्य केली.