मानवी भांडवल व्यवस्थापन प्रणाली व कामावरील प्रशिक्षण

कर्मचाऱ्याची भरती, नेमणूक, हजेरी, रजा, वेतन, कामगिरीचे मूल्यमापन आणि प्रशिक्षण यांच्या नोंदी एकाच कर्मचारी क्रमांकाखाली ठेवणारी संगणकप्रणाली. वेतन-हजेरीचा भाग आणि प्रशिक्षणाचा भाग यांची वाढ वेगवेगळ्या वाटांनी झाली असून त्यांना जोडणारा सांधा म्हणजे हा क्रमांक होय. बहुतेक बिघाड या सांध्यापाशीच होतात.

संज्ञेचा उगम : ‘मानवी भांडवल’ या कल्पनेचे जनकत्व अनेकदा ॲडम स्मिथ यांना दिले जाते. 1776 च्या ग्रंथात त्यांनी रहिवाशांनी कमावलेली उपयुक्त कौशल्ये स्थिर भांडवलात मोजली, हे खरे. पण ही संज्ञा त्यांनी घडवली नाही. अर्थशास्त्रज्ञ ए. सी. पिगू यांच्या 1928 च्या लेखनात ती आढळते. पुढे अर्थशास्त्रज्ञ जेकब मिन्सर (1958), थिओडोर शुल्ट्झ (1960 चे अध्यक्षीय भाषण) आणि गॅरी बेकर (1964) यांनी शिक्षणावरचा खर्च ही गुंतवणूक मानून तिचे मोजमाप मांडले. संज्ञेचा आजचा अर्थ या तिघांपासून धरणे अधिक सयुक्तिक ठरते. संगणकप्रणालींना हे नाव मात्र बरेच उशिरा, साधारणपणे विसाव्या शतकाच्या अखेरीस चिकटले. त्यापूर्वी ‘कर्मचारी विभाग’ व ‘मनुष्यबळ’ हेच शब्द रूढ होते आणि गोव्यातील कारखान्यांत आजही ‘एचआर’ एवढेच म्हणतात.

विकास : संगणकावर नियमित पगारपत्रक काढण्याचे आद्य उदाहरण ब्रिटनमधील लायन्स कंपनीच्या ‘लिओ’ यंत्राचे, बहुधा 1954 चे. पुढे अशा प्रणाली विकणाऱ्या सॅप (1972), पीपलसॉफ्ट (1987) व वर्कडे (2005) या कंपन्या आल्या. पीपलसॉफ्ट 2005 मध्ये ओरॅकल या संगणक कंपनीकडे गेली. प्रशिक्षणाची शाखा इलिनॉय विद्यापीठातील ‘प्लेटो’ या संगणकीय अध्यापन-प्रणालीपर्यंत (1960) मागे नेता येते. विमान उद्योगाच्या 1988 मधील समितीने संगणकावरील पाठ व प्रशिक्षण-प्रणाली यांच्यातील देवाणघेवाणीचे नियम बांधले आणि त्यांतूनच पुढे ‘स्कॉर्म’ हे मानक घडले. त्याची 1.2 ही आवृत्ती 2001 ची असूनही अजून सर्रास वापरात आहे.

पाठाची रचना व बिघाड : स्कॉर्म पाठ ही एक झिप फाइल असते. तिच्या अगदी वरच्या पातळीवर ‘आयएमएसमॅनिफेस्ट’ नावाची सूची असावी लागते. फोल्डरच्या आतील फाइली निवडण्याऐवजी अख्खा फोल्डर झिप केला, की सूची एक पायरी खाली जाते आणि प्रणाली पाठ नाकारते. पाठ उघडल्यावर तो क्रमाने चार गोष्टी करतो : प्रणालीशी जोडणी सुरू करणे, मूल्य (गुण, स्थिती) लिहिणे, ते जतन करणे, जोडणी बंद करणे. शिकणाऱ्याने जतन होण्याआधी खिडकी बंद केली, तर पाठ पूर्ण होऊनही नोंद ‘अपूर्ण’ राहते. म्हणून प्रत्येक प्रकरणाअखेर जतन करण्याची आज्ञा द्यावी, केवळ शेवटी नव्हे.

1.2 आवृत्तीत ‘पूर्ण’ व ‘उत्तीर्ण’ यांसाठी एकच रकाना आहे. 2004 च्या आवृत्तीत ते वेगळे झाले. अर्धवट पाठाची स्थिती साठवण्यास 1.2 मध्ये केवळ 4,096 वर्णांची जागा मिळते. देवनागरी पाठांना ही मर्यादा फार जाचते. मजकूर टक्के-चिन्हांच्या सांकेतिक रूपात (जसे ‘क’ = %E0%A4%95) साठवला, तर देवनागरीतील प्रत्येक सांकेतिक घटकाला, म्हणजे व्यंजन, मात्रा वा हलन्त-चिन्हाला, 9 जागा लागतात. ‘क्षि’ हे एक अक्षर चार घटकांचे, म्हणजे 36 जागांचे. सारी जागा सुमारे 455 घटकांत संपते आणि पुढची उत्तरे गळतात. उपाय सोपा आहे : उत्तराचा मजकूर न साठवता पर्यायाचा क्रमांक साठवावा. 2013 च्या ‘एक्सएपीआय’ मानकात कर्ता, क्रियापद व कर्म अशा वाक्यरूपात नोंद होते. त्यामुळे यंत्रावर प्रत्यक्ष केलेले कामही टिपता येते.

गोव्यातील वापर : वेर्णा, कुंडई येथील औषधनिर्मितीत प्रशिक्षणाची नोंद हा गुणवत्तेचा पुरावा असतो. अमेरिकेला माल पाठवणाऱ्या कारखान्यांना तेथील अन्न व औषध प्रशासनाच्या नियमावलीचा 1997 चा ‘भाग 11’ लागू होतो : प्रत्येक इलेक्ट्रॉनिक सही एकाच व्यक्तीची हवी, आणि नोंदीतील प्रत्येक बदल कोणी व केव्हा केला हे आपोआप टिपले गेले पाहिजे. लेखी कार्यपद्धतीची नवी आवृत्ती आली, की जुन्या आवृत्तीवरचे प्रशिक्षण पुरेसे धरता येत नाही. मंजुरी आणि अंमल यांत प्रशिक्षणापुरते दिवस राखून ठेवावे लागतात. ते न राखल्यास अप्रशिक्षित कामगाराची सही उत्पादन-नोंदीवर उमटते, आणि तपासनीस प्रशिक्षणाची व सहीची अशा दोन्ही तारखा शेजारी ठेवतो. तीन पाळ्यांसाठी एकच लॉगिन वापरण्याची सवय तर सगळी नोंदच निरुपयोगी करते.

हॉटेलांत अडचण हंगामाची. पावसाळ्यात गेलेला कर्मचारी ऑक्टोबरात परततो आणि घाईत त्याला नवा क्रमांक दिला जातो. मग त्याचे अन्नसुरक्षेचे प्रमाणपत्र जुन्या क्रमांकावर अडकते. ‘नवी नियुक्ती’ऐवजी ‘पुनर्नियुक्ती’ निवडावी आणि भविष्यनिर्वाह निधीच्या 12 अंकी सार्वत्रिक खाते क्रमांकाने पडताळणी करावी.

नावांचा प्रश्न गोव्यात विशेष बिकट आहे. पोर्तुगीजकालीन दप्तरात कामत ‘कामोतिं’, प्रभू ‘पोरोबो’, शेणवी ‘सिनाय’ असे लिहिले जात. जन्मदाखल्यावर नावाचे एक स्पेलिंग, आधारवर दुसरे असले, की निधीच्या खात्याशी मेळ बसत नाही आणि एका माणसाच्या दोन नोंदी तयार होतात. डिसोझा, डिमेलो यांच्या रोमी लेखनातील वरचा स्वल्पविराम काही आयात-फाइलींत ओळ मोडतो. कायदेशीर नाव व प्रचलित नाव असे दोन रकाने ठेवणे हाच टिकाऊ इलाज. सुट्ट्यांचे कोष्टकही तपासावे : मुंबईहून आलेल्या तयार कोष्टकात 3 डिसेंबरचे सेंट झेवियरचे फेस्त व 19 डिसेंबरचा मुक्तिदिन नसतो, आणि मग पगारात रजा कापली जाते.

मूल्यमापन : डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांच्या 1959 पासूनच्या लेखांतील प्रतिसाद, अध्ययन, वर्तन व परिणाम या चार पायऱ्या प्रशिक्षणाच्या मूल्यमापनात प्रमाण मानल्या जातात; मात्र त्यांची मूळ मांडणी रेमंड कॅट्झेल यांची असावी, हे मत ग्राह्य वाटते. प्रणाली पहिल्या दोन पायऱ्या सहज मोजते. तिसरीसाठी पर्यवेक्षकाने काही आठवड्यांनी प्रत्यक्ष काम पाहून भरलेली तपासयादी लागते.

स्थलांतर : प्रणाली बदलताना केवळ ‘पूर्ण’ ही खूण आणू नये. पाठाची आवृत्ती, तारीख, गुण व सही करणाऱ्याचे नाव एकत्र आणावे, आणि जुनी प्रणाली ताळा जुळेपर्यंत वाचनापुरती चालू ठेवावी.