मृत्युपत्राला हरकत आली तर ते सिद्ध कसं करायचं?

‘मृत्युपत्र रजिस्टर आहे, आता कोण काय करणार?’ असं म्हणून अनेक घरं निर्धास्त असतात. मग एखादं भावंड हरकत घेतं, आणि तेव्हा कळतं की नोंदणीचा शिक्का पुरत नाही. मृत्युपत्राची नोंदणी मुळात ऐच्छिक आहे. ती असली तर आधार मिळतो, पण दस्त सिद्ध करावाच लागतो, आणि ते काम मृत्युपत्र पुढे करणाऱ्याचं.

आधी मालमत्ता कोणती ते बघा. स्वकष्टार्जित असेल तर ती कुणालाही देता येते. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मात्र हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. वडिलोपार्जित जमीन अख्खी एका मुलाला लिहून दिली असेल, तर मृत्युपत्र खरं ठरलं तरी बहिणींच्या स्वतःच्या हिश्शाला धक्का लागत नाही.

खरी मदार साक्षीदारांवर. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 च्या कलम 63 नुसार किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने मृत्युपत्र करणाऱ्याला सही किंवा अंगठा करताना पाहिलेलं हवं, किंवा ‘ही माझीच सही’ हे त्याच्याकडून ऐकलेलं हवं; आणि स्वतःची सही त्याच्यासमोर केलेली हवी. दोघे एकाच वेळी हजर नसले तरी चालतं. कोर्टात एक साक्षीदार तपासला तरी पुरतं (भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023, कलम 67), पण त्याला दुसऱ्याच्या सहीबद्दलही सांगता आलं पाहिजे. इथेच बरेच दावे कोसळतात. 2002 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं: एकाची साक्ष तोकडी पडली आणि दुसरा हयात असून बोलावला नाही, तर मृत्युपत्र सिद्ध होत नाही.

दोघेही वारले असतील तर निदान एकाचं हस्ताक्षर आणि मृत्युपत्र करणाऱ्याची सही ओळखणारा माणूस उभा करावा लागतो. तीस वर्षं जुन्या दस्ताला मिळणारी सूट मृत्युपत्राला लागू नाही.

थरथरती सही, लाभ घेणाऱ्यानेच वकील आणि साक्षीदार जमवणं, बायको-मुलांना कारण न देता वगळणं, शेवटचं आजारपण अशा संशयास्पद गोष्टींचं समाधानकारक उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. 1959 पासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका हीच आहे. फसवणूक किंवा दबाव झाला म्हणणाऱ्याने मात्र तो स्वतः सिद्ध करायचा.

म्हणून मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावं-पत्ते, सातबारा किंवा मिळकत पत्रिका यांच्यासोबत त्या काळातले दवाखान्याचे कागद आणि बँकेतल्या, पेन्शनच्या फॉर्मवरच्या सह्याही जमवा. हस्ताक्षर तज्ज्ञाच्या अहवालापेक्षा मला हे कागद जास्त मोलाचे वाटतात, कारण ते वाद सुरू होण्याआधीचे असतात.

मृत्युपत्रात व्यवस्थापक (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा) नेमला असेल तर त्याने प्रोबेटसाठी, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्यासाठी, अर्ज करायचा. नसेल तर मृत्युपत्र जोडलेलं प्रशासनपत्र, म्हणजे मालमत्तेचा कारभार पाहण्याचा कोर्टाचा अधिकार, मागायचं. अर्ज जिल्हा न्यायालयात, मुंबईत उच्च न्यायालयातही करता येतो. वारसांना सूचना निघते, कुणी कॅव्हेट (लेखी हरकत) दाखल करून विरोध केला की अर्ज दाव्यासारखा चालतो. तिथे मृत्युपत्र खरं की खोटं एवढंच ठरतं. जमीन कुणाच्या मालकीची, हा वाद वेगळा चालवावा लागतो. तलाठी किंवा मंडळ अधिकारी यातलं काहीच ठरवू शकत नाहीत, त्यामुळे फेरफार मंजूर झाला म्हणून थांबू नका.

प्रोबेटच्या अर्जावर शक्य असेल तर एका साक्षीदाराचं सत्यापन (मजकूर खरा असल्याची सही) लागतं. तेव्हा वकिलाकडे जाण्याआधी दोन्ही साक्षीदार कुठे आहेत, तब्येतीने कसे आहेत आणि त्यांना त्या दिवसाचं काय आठवतं, एवढं विचारून या.