शिक्षणाचं जागतिकीकरण आणि आंतरराष्ट्रीयीकरण: फरक नेमका कुठे?

वर्गात परदेशी विद्यार्थी दिसले, परकीय विद्यापीठाशी करार झाला, अभ्यासक्रमाला ‘जागतिक दर्जाचा’ असं विशेषण लागलं, की आपण त्या साऱ्याला शिक्षणाचं जागतिकीकरण म्हणून मोकळे होतो. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात त्यालाच आंतरराष्ट्रीयीकरण म्हटलेलं असतं. या गल्लतीतून खरं नुकसान होतं, कारण बाजाराच्या रेट्याने आलेली गोष्टही मग आपण विचारपूर्वक निवडली असं वाटू लागतं.

जागतिकीकरण हा प्रवाह आहे. भांडवल, माल, माणसं, तंत्रज्ञान आणि कल्पना सीमा ओलांडतात आणि त्याचे परिणाम शाळा-विद्यापीठांपर्यंत पोचतातच. त्यांची संमती कोणी विचारत नाही. आंतरराष्ट्रीयीकरण हा निर्णय आहे. एखादी संस्था किंवा सरकार दुसऱ्या देशांशी शैक्षणिक नातं जोडायचं ठरवतं. कोणाशी आणि कशासाठी, हेही तेच ठरवतं. हा व्यवहार फार जुना आहे. सातव्या शतकात ह्युएन त्संग चीनहून नालंदेला शिकायला आला, शेकडो ग्रंथ घेऊन परतला आणि पुढचं आयुष्य त्यांच्या भाषांतरात घालवलं.

दोहोंतला फरक सर्वांत स्वच्छ दिसतो तो पैशाच्या आणि श्रेयांकांच्या (क्रेडिट्सच्या) हिशेबात. १९९५ साली जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली आणि सेवांच्या व्यापाराचा ‘गॅट्स’ करार लागू झाला. त्यात शिक्षण ही एक व्यापारयोग्य सेवा म्हणून नोंदलेली आहे. सेवा सीमेपलीकडे पोचवण्याचे चार मार्ग हा करार सांगतो. शिक्षणापुरतं पाहिलं तर दुसऱ्या देशातून चालणारा ऑनलाइन अभ्यासक्रम हा पहिला, विद्यार्थ्याने परदेशी जाऊन शिकणं हा दुसरा, परदेशी विद्यापीठाने शाखा उघडणं हा तिसरा आणि शिक्षकाने तात्पुरतं तिकडे जाऊन शिकवणं हा चौथा. कोणत्या सरकारने शिक्षणाची दारं किती उघडायची, हे त्याने दिलेल्या वचनांवर ठरतं. पण एकदा दिलेलं वचन मागे घेणं अवघड आणि खर्चिक असतं, हे विसरता कामा नये.

आता त्याआधीची, १९८७ सालची युरोपातली इरॅस्मस योजना पाहा. विद्यार्थी ठरावीक काळ दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात शिकतो, यजमान विद्यापीठ त्याच्याकडून शिकवणी शुल्क घेत नाही, आणि तिथे मिळवलेले श्रेयांक मायदेशीच्या पदवीत धरले जातात. त्याच वर्गात, त्याच बाकावर पूर्ण शुल्क भरून आलेला दुसरा परदेशी विद्यार्थीही बसलेला असू शकतो. दोघं ऐकतात तेच व्याख्यान. पण एकाचं येणं दोन संस्थांच्या परस्पर विश्वासावर उभं आहे, तर दुसऱ्याचं येणं यजमान देशाच्या लेखी सेवांची निर्यात ठरतं. दुसरा विद्यार्थी कमी जिज्ञासू असतो असं मुळीच नाही. बदलतं ते संस्थेचं त्याच्याशी असलेलं नातं. सरकारी अनुदान आटलेली विद्यापीठं परदेशी शुल्कावर जगू लागली की प्रवेशाचे निकषही त्या दिशेने झुकण्याचा धोका असतो. मला हीच बाब सर्वांत चिंतेची वाटते.

मोजमापाचंही असंच आहे. ‘पिसा’ ही पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी २००० साली सुरू झाली. पहिल्या निकालांत जर्मनीची कामगिरी अपेक्षेपेक्षा खालची ठरली आणि तिथे शिक्षणावर मोठं वादळ उठलं. बाहेरची मोजपट्टी देशाचं शिक्षणधोरण हलवू शकते, हे तेव्हा दिसलं. जगातल्या विद्यापीठांच्या, २००३ पासून निघणाऱ्या शांघाय क्रमवारीत नोबेल आणि गणितातली फील्ड्स पारितोषिकं, तसंच ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकांमधले लेख यांना मोठं वजन आहे. आपल्या भाषेत, आपल्या समाजाच्या प्रश्नांवर केलेलं संशोधन या हिशेबात जवळजवळ येतच नाही. अशा वेळी विद्यापीठ आपल्या लोकांना उपयोगी पडायचं सोडून यादीत वर चढायला धडपडू लागतं, आणि स्थानिक भाषेतलं ज्ञाननिर्माण मागे पडतं.

प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी बऱ्याचदा एकमेकींत मिसळलेल्या असतात. १९९९ साली २९ देशांनी सही केलेल्या बोलोन्या जाहीरनाम्यात पदव्यांची रचना तुलनायोग्य करण्याचं सहकार्य आहे, तशीच युरोपीय उच्चशिक्षणाची स्पर्धाक्षमता वाढवण्याची इच्छाही उघडपणे मांडलेली आहे. म्हणून करारावरच्या नावापेक्षा त्यातली कलमं वाचावीत. अभ्यासक्रम कोण ठरवणार? विद्यार्थ्यांची ये-जा दोन्ही दिशांना आहे की एकाच? पदवी दोन्हीकडे मान्य आहे का? आणि भागीदार उद्या निघून गेला, तर अर्ध्यावर असलेल्या विद्यार्थ्यांचं शिक्षण पुरं करून देण्याची जबाबदारी कोणावर? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर करारात लेखी नसेल, तर प्रवेश घेण्याआधीच ते मागावं.