पाच अडथळे आणि सव्वासात सेकंद

२ मार्च २०२४ रोजी ग्लासगो येथील जागतिक इनडोअर अजिंक्यपद स्पर्धेत अमेरिकेच्या ग्रँट हॉलोवेने पुरुषांची ६० मीटर अडथळा शर्यत ७.२९ सेकंदांत जिंकली. त्याच्या मागोमाग आलेल्या इटलीच्या लोरेंझो सिमोनेलीला ७.४३ सेकंद लागले. इतक्या छोट्या शर्यतीत १४ शतांश सेकंदांचे अंतर फार मोठे मानले जाते, आणि ते कोठून आले हे शोधू लागल्यास धावण्याच्या शास्त्रातील काही अतिशय सुंदर गोष्टी हाती लागतात.

या शर्यतीची मापे प्रथमदर्शनी विचित्र वाटतात. सुरुवातीच्या रेषेपासून पहिला अडथळा १३.७२ मीटरवर, पुढचे चार प्रत्येकी ९.१४ मीटर अंतराने, आणि शेवटच्या अडथळ्यापासून अंतिम रेषा ९.७२ मीटरवर. ही मापे मुळात यार्डांतील आहेत: पहिले अंतर १५ यार्ड, दोन अडथळ्यांमधील १० यार्ड, आणि अडथळ्याची उंची ४२ इंच, म्हणजे १०६.७ सेंटिमीटर. मैदानावरील ११० मीटर शर्यतीतही हीच उंची आणि हीच अंतरे असतात. तेथे अडथळे मात्र दहा असतात.

अडथळा शर्यत म्हणजे उड्या मारण्याची शर्यत, असा समज सर्रास आढळतो. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. हवेत असलेल्या धावपटूला जमिनीला रेटा देता येत नाही, त्यामुळे तेथे वेग वाढवणे अशक्य असते. म्हणूनच कुशल धावपटू आपला गुरुत्वमध्य, म्हणजे शरीराचे सारे वजन जेथे एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, शक्य तितका कमी उचलतो. गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर वर न्यायचा असेल तर चढण्यास सुमारे ०.१४ सेकंद लागतात, ३० सेंटिमीटर न्यायचा असेल तर ०.२५, उतरण्याचा वेळ त्याशिवाय. उंच धावपटूचा गुरुत्वमध्य मुळातच अडथळ्याच्या उंचीच्या आसपास असतो, हा त्याचा मोठा फायदा. पाय जमिनीवरून सुटल्यावर गुरुत्वमध्याचा मार्ग कोणालाही बदलता येत नाही, पण त्या मार्गाभोवती शरीराचे अवयव कसे मांडायचे हे धावपटूच्या हातात असते. छाती पुढच्या मांडीवर झुकवली आणि मागचा पाय गुडघ्यात दुमडून बाजूने आडवा आणला, की तोच गुरुत्वमध्य कमी उंचीवरून नेता येतो.

मागच्या पायाची ही हालचाल जवळून पाहावी. आडव्या अवस्थेत झपाट्याने पुढे येणाऱ्या त्या पायाला कोनीय संवेग, म्हणजे शरीराला फिरवू पाहणारा जोर, असतो, आणि हवेत बाहेरून आधार नसल्यामुळे शरीराच्या एकूण कोनीय संवेगात बदल होऊ शकत नाही. म्हणून त्याच बाजूचा हात मागे झाडला जातो आणि पायाचा परिणाम तोलून धरतो. हा मेळ थोडा जरी चुकला तरी खांदे फिरतात, पाऊल तिरके पडते आणि पुढचा अडथळा गाठेपर्यंत ती तिरकस चाल सावरत बसावे लागते. अडथळ्याला पाय लागला म्हणून धावपटू बाद होत नाही, कारण अडथळा पुढच्या दिशेने पडेल असाच बनवलेला असतो. पण प्रत्येक धडक थोडा वेग हिरावून नेते.

खरी शर्यत, माझ्या मते, अडथळ्यांच्या मधल्या जमिनीवर होते. अव्वल धावपटू अडथळ्याच्या दोन मीटरहून थोडे आधी झेप घेतो आणि सुमारे सव्वा ते दीड मीटर पलीकडे उतरतो. उरलेल्या साधारण साडेपाच मीटरमध्ये त्याला नेमकी तीन पावले बसवायची असतात. म्हणजे प्रत्येक पाऊल दोन मीटरहूनही कमी, आणि सपाट शर्यतीत हाच माणूस पूर्ण वेगात याहून बरीच लांब पावले टाकतो. येथे पाऊल लांबवून वेग मिळवण्याची सोयच नसते. पावलांची गती वाढवणे एवढाच मार्ग उरतो. लांब पायांच्या धावपटूला त्यासाठी स्वतःला आखडून धावावे लागते, म्हणजे अडथळ्यावर मिळालेल्या उंचीच्या फायद्याची किंमत त्याला येथे मोजावी लागते.

अडथळ्यांची एकूण किंमत किती? मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या महाविद्यालयीन इनडोअर स्पर्धेत हॉलोवेने सपाट ६० मीटर ६.५० सेकंदांत आणि अडथळ्यांचे ६० मीटर ७.३५ सेकंदांत जिंकले. फरक ०.८५ सेकंदांचा, म्हणजे प्रत्येक अडथळ्यामागे अवघे ०.१७ सेकंद.

इनडोअर शर्यतीत वारा नसतो आणि सुरुवातीला फार महत्त्व येते. पहिल्या अडथळ्यापर्यंतचे अंतर ६० मीटरच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाइतके असते, ११० मीटरच्या मात्र आठव्या. हे अंतर पूर्वी बहुतेक धावपटू आठ पावलांत कापत. क्यूबाचा डेरॉन रोब्लेस, आणि पुढे चीनचा लिऊ शियांग, यांनी ते सात पावलांत कापले आणि इतरांनीही ती रीत उचलली. सुमारे तेरा सेकंद चालणाऱ्या ११० मीटरच्या मोठ्या शर्यतीत मंद सुरुवात भरून काढता येते. मे २०२४ मध्ये फिनलंडमध्ये १३.४१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करणारा आपल्या मराठवाड्याचा तेजस शिरसे ज्या ११० मीटरमध्ये धावतो, तेथे पाचव्या अडथळ्यानंतर आणखी पाच अडथळे बाकी असतात. इनडोअरमध्ये पाचव्यानंतर जेमतेम पावणेदहा मीटर उरतात.

त्या पावणेदहा मीटरच्या शेवटी घड्याळ धडावर थांबते, डोक्यावर वा हातापायांवर नाही. ब्रिटनचा कॉलिन जॅक्सन रेषेवर छाती झोकून देण्यात विलक्षण तरबेज होता. मार्च १९९४ मध्ये त्याने ६० मीटर अडथळा शर्यतीत नोंदवलेला ७.३० सेकंदांचा जागतिक विक्रम जवळजवळ २७ वर्षे टिकला. फेब्रुवारी २०२१ मध्ये माद्रिदला हॉलोवेने तो मोडला तेव्हा फरक एक शतांश सेकंदाचा होता, आणि त्या वेगात एक शतांश सेकंद म्हणजे आठ-नऊ सेंटिमीटर. पुढे ग्लासगोच्या दोन आठवडे आधी त्याने तो विक्रम ७.२७ सेकंदांवर आणला.