शटर बंद आहे का, फोनला कसं कळतं?

आमचं गाव औसा तालुक्यात, मी राहतो लातूरला. गावाकडच्या घराला लागून शटरचं गॅरेज आहे, त्यात जुनी जीप, फवारणीचा पंप, खताच्या गोण्या असं सगळं कोंबलेलं. रोज रात्री मी फोन लावायचो, अण्णा शटर ओढलं का, आणि तिकडून "ओढलं की बाबा, किती बार विचारायलास" असं यायचं, आणि बऱ्याचदा ओढलेलं नसायचंच. शेवटी वैतागून सेन्सर बसवला.

सगळा खेळ रीड स्विचचा. काचेची बारीक नळी, आत लोखंड-निकेलच्या दोन पातळ पट्ट्या, टोकं एकमेकांवर आलेली पण मधे जराशी फट. लोहचुंबक जवळ आणला की त्या पट्ट्या स्वतःच चुंबक होतात, समोरासमोरची टोकं विरुद्ध ध्रुवाची असल्यामुळं टक्कन चिकटतात आणि करंट चालू. नळी पूर्ण बंद, त्यामुळं धूळ आत जायचा प्रश्न नाही, आपल्याकडं तर हे फारच कामाचं. अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये वॉल्टर एलवुड यांनी १९३६ मध्ये हे शोधलं.

हा स्विच वायरीनं ईएसपी३२ नावाच्या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डाला जोडायचा, त्यात वायफाय असतंच, मोबाईलच्या साध्या चार्जरवर चालतो. एक गोष्ट मात्र मला कुणी आधी सांगितली नव्हती: चुंबक थेट शटरच्या पत्र्यावर चिकटवला तर लोखंड त्याचं बरंचसं क्षेत्र स्वतःकडं ओढून घेतं, स्विचपर्यंत पोचतच नाही. मधे लाकडाची चिपटी घातली तेव्हा काम झालं.

आता माझा येडेपणा. बोर्ड वर होता, वायर तोकडी, म्हणून मी स्विच वरच लावला, म्हणजे शटर पूर्ण वर गेलं की पट्ट्या चिकटणार आणि फोनवर 'उघडं' येणार, नाहीतर 'बंद'. आठवडाभर झकास चाललं. मग एक दिवस गावी गेलो तर शटर कमरेएवढं उघडं आणि फोन म्हणतोय बंद! वर आणखी उंदरानं वायर कुरतडलेली, म्हणजे पूर्ण उघडलं असतं तरी 'बंद'च दिसलं असतं.

मग स्विच खाली जमिनीजवळ आणला. शटर पूर्ण टेकलं तरच पट्ट्या चिकटतात. बोर्डाची पिन एका रेझिस्टरनं ३.३ व्होल्टला बांधलेली असते, स्विच जुळला की ती शून्यावर येते, तेच 'बंद'. वायर तुटली तर पिन ३.३ वरच राहते आणि फोन ओरडतो 'उघडं'. खोटी बोंब परवडली, खोटा दिलासा नको. वायरही आता पाइपातून नेली आहे. वावटळीत शटर थडथडलं की मेसेजचा पाऊस पडायचा, म्हणून दहा सेकंद सलग उघडं असेल तरच कळवायचं असं कोडमध्ये टाकलं.

राहिली लाईट. ती गेली की बोर्डही मेला, राऊटरही, आणि फोनवर शेवटचं 'बंद' तसंच चिकटून राहतं. याला उपाय एमक्यूटीटीमध्ये आहे, म्हणजे यंत्रांनी नेटवरून छोटे निरोप पाठवायच्या पद्धतीत. तेलाच्या पाइपलाइनींवर सॅटेलाईटवरून लक्ष ठेवायला अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये ही पद्धत काढली, आणि कनेक्शन बेभरवशाचं आहे हे धरूनच काढली. बोर्ड ब्रोकरला, म्हणजे निरोप पोचवणाऱ्या सर्व्हरला, जोडताना आधीच आपलं मृत्युपत्र देऊन ठेवतो, मी गेलो तर हे सांगा. ठरलेल्या वेळेच्या दीडपट काळ बोर्डाकडून काहीच आलं नाही की ब्रोकर ते मृत्युपत्र जाहीर करतो. माझी वेळ ६० सेकंदांची, म्हणजे ९० सेकंदांत फोनवर 'माहीत नाही' असं येतं. ब्रोकर मात्र दुसरीकडं हवा, माझा लातूरच्या घरी इन्व्हर्टरवर आहे.

मोटर लावून इथूनच शटर पाडायचं का असं भाऊ विचारत होता. नाही म्हटलं, खाली वासरू बसलेलं असतं कधीकधी. 'उघडं' दिसलं की अण्णांनाच फोन.